सात युरो, थर्मास आपापला

पत्रकात एवढंच होतं:
सात युरो माणशी, थर्मास आपापला,
सळसळणारं जाकीट घालू नये.
मी दोन नावं देऊन टाकली, बाबांना न विचारता.

गाडीत ते एकदाच बोलले:
"घुबडांना पैसे? गिरणीच्या माळ्यावर फुकट बसायची."
व्होरूच्या लाकूडगिरणीत एकतीस वर्षं.
करवतीनं दहाही बोटं शाबूत ठेवली,
कान तेवढे घेतले.

वाट दाखवणारी मायमू पूर्वी पोस्टात होती.
पत्ते अजून तोंडपाठ, आता ढोल्यांचे.
"तळ्याकडून तिसरा ॲस्पेन. घर सुताराचं,
यंदा भाडेकरू बदललाय."
आम्ही अकरा जण.
एक नर्स, रात्रपाळी बदलून आलेली.
एक जोडपं, भांडण गाडीत ठेवून आलेलं,
पण गाडीचं दार नीट लागलं नव्हतं.
आणि नऊ वर्षांचा ताउरी, ज्याला
प्रत्येक गोष्टीचं वजन हवं होतं.
"घुबड किती ग्रॅम?"
"हे? साठ. कोंबडीच्या एका अंड्याएवढं."
"आणि अंडं?"
मायमू म्हणाली, "आता गप्प."

मार्चचा बर्फ. वर पापुद्रा, आत भुसा,
प्रत्येक पावलाची चहाडी करणारा.
स्प्रूसमागे उजेडाची एक पट्टी उरली होती,
तीही कुणीतरी आत ओढून घेत होतं.

मायमूचा हात वर. थांबलो.
अकरा माणसांची शांतता किती गोंगाट करते!
पोटं, नाकं, नायलॉन, कुणाचा तरी गुडघा.
मग तेही एकेक विझत गेलं,
आणि तिनं ओठ आवळून शीळ घातली,
बारीक, एकसुरी,
दाराबाहेरून मुलानं मित्राला बोलवावं तशी.

काही नाही.
पुन्हा. काही नाही.
नर्सनं घड्याळ बघितलं नाही, पण बघावंसं वाटलं तिला,
ते मला दिसलं.

आणि मग शेंड्यावरून, डावीकडून, उत्तर.

दहा चेहरे एकदम तिकडे वळले.
बाबा आमचे चेहरे बघत होते.
मग त्यांनीही मान वळवली, अर्धा क्षण उशिरा,
न कळलेल्या विनोदावर हसावं तशी.
मी कानाशी तोंड नेलं: "बोलतंय, बाबा."
"हो, हो."
हे "हो" मला ठाऊक आहे.
फोनवरचं, डॉक्टरसमोरचं,
आईच्या शेवटच्या आठवड्यात ती काहीतरी पुटपुटायची,
तेव्हा खाटेशी वाकून म्हटलेलं.
काय म्हणायची ती, मी कधी विचारलं नाही.

मायमू मागे आली, काही न बोलता.
स्वतःचा हातमोजा काढला, मग त्यांचा,
आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, शिरेवर,
एक बोट टेकवलं.
टक.
दोन सेकंद.
टक.
टपालावर शिक्का मारावा तसं, पण हलकं,
घुबडाच्या प्रत्येक शिळेबरोबर एक.

बाबांचे ओठ हलायला लागले. मोजत होते.
सतरा, अठरा.
बोट थांबलं.
"गेलं?"
एवढ्या मोठ्यानं, की अख्ख्या रानाला कळावं.
कुणी शूः केलं नाही, भांडणारा नवरासुद्धा नाही.
शेंड्यावरून एक ढेकूळ सुटलं,
काळ्यावर काळं, खाली झोकून पुन्हा वर,
आणि ताउरी पुटपुटला: "साठ ग्रॅम."

परतताना त्यांनी मायमूला सांगितलं,
दुसऱ्या करवतीच्या पट्ट्याचा सांधा असाच ठोकायचा,
दर फेरीला एकदा,
फोरमनला कधी ऐकू आला नाही.
"तुम्हाला यायचा?"
"हाताला यायचा."

गाडीतळावर त्यांनी पाकीट काढलं.
मी म्हटलं, पैसे दिलेत, आधीच दिलेत.
मायमू माझ्याकडे बघून "हो, हो" म्हणाली
आणि चौदा युरो घेतले.

एक हातमोजा तिकडेच बर्फात राहिला.
मी म्हटलं, मागे जाऊन आणते.
बाबा म्हणाले, राहू दे,
आणि उघडा हात तसाच मांडीवर ठेवला,
मनगट वर करून.