हातभर कराची

डायरेक्टरला कराची हवी होती, फाळणीआधीची,
प्रॉडक्शनला बजेटात बसणारी.
व्हिसाचा प्रश्नच नव्हता.
म्हणून मी मडगावात, बोर्ड्याच्या उतारावर,
मे महिन्यात, दुपारी दीड वाजता
एका गल्लीकडे डोळे बारीक करून बघत उभा.

डोळे बारीक केले की मीटरचे डबे जातात,
डिशच्या छत्र्या जातात,
‘मासळी साफ करून मिळेल’ जातं.
माड जात नाहीत.
चिरा लाल. तिथला दगड पिवळा, म्हणे, बिस्किटासारखा.
आर्टवाल्या तुळशीदास नार्वेकरने डबा उघडला
आणि बाल्कनीखाली हातभर पट्टा मारून पाहिला.

‘कुठलं गाव करताय?’
वरून एर्मेलिंडाबाई बार्रेतो.
मी सांगितलं.
त्या काठी न घेता खाली आल्या.

जन्म तिथला. वडील बंदरात कारकून.
अकराव्या वर्षी बोटीने इकडे, ते इकडेच.
‘ट्राम कुठून?’
मी हाताने दाखवलं.
‘चूक. डावीकडून यायची. आधी घंटा,
मग कंडक्टरची शिवी.’
उंट भुजहून ट्रकने येणार होते.
‘घसरतील रे पुता, ह्या उतारावर.
आणि वारा?
चार वाजता समुद्रावरून यायचा,
दारं आपटायची, आई ओरडायची.
तो कुणाच्या खात्यात?’
वाऱ्याला आमच्याकडे मोठा पंखा असतो,
दिवसाचे साडेचार हजार.
मी बोललो नाही.

भाडं विचारलं तर म्हणाल्या,
गल्लीच्या तोंडाशी पाटी लावाल ना, रस्त्याच्या नावाची?
ती मला जरा वाचू द्या.
चष्मा नवा केलाय.

जूनमध्ये फोन आला. कराची हैदराबादला गेली,
सेटवर. फ्लोअर स्वस्त पडला.
कळवायचं माझ्याकडून राहिलं, म्हणजे मी राहू दिलं.
तुळशीदासने पट्टा बुजवायला रंगाचा डबा तेवढा पाठवला.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा गेलो,
दुसऱ्याच कुणाला तरी हवाना हवी होती.
भिंतभर शेवाळ उतरलेलं,
पट्ट्याच्या कडेला मात्र
कुणीतरी खरवडून खरवडून अडवलेलं.
खाली वेताची खुर्ची.
शेजारी तो डबा, न उघडलेला,
त्यावर चष्मा.
दार वाजवलं नाही मी.
चार वाजत आले होते.

वहीत नेहमीसारखं लिहिलं:
मडगाव, बोर्डा. पार्किंग नाही. सकाळचा उजेड बरा.
कराची: हातभर.