नकार, साडेअकरा मीटरवर

पुण्यात बोअर घेणं सोपं, असं आमच्यात म्हणतात.
दोन मीटर काळी माती, एखादा मीटर मुरूम,
मग हातोडा उडायला लागतो.
पन्नास ठोके पडूनही नळी हलली नाही
की रकान्यात लिहायचं 'नकार'
आणि चहा सांगायचा.

मुंढव्याच्या पुढे, नदी जिथे कूस बदलते,
तिथे नकार येईना.

साडेत्रेसष्ट किलोचं वजन.
पंचाहत्तर सेंटीमीटर वर, सोड. वर, सोड.
यल्लप्पा धोत्रे दोर ओढतो,
मी मोजते.
पहिले पंधरा सेंटीमीटर धरायचे नसतात,
नळीला टेकायला म्हणून ते माफ.
(माणसांना मी एवढी सूट कधी दिली, आठवत नाही.)
पुढच्या तीसचे ठोके खरे.
तीन मीटरला सहा.
साडेचारला पाच.
सहाला तर नळी आपल्याच वजनाने
खाली गेली,
डुलकी लागलेल्या माणसाच्या हातून पेपर सुटावा तशी.

उघडली तर आत वाळू,
करडी, ओली, एकसारखी.
आणि नखाएवढा एक शिंपला.
म्हणजे नदी इथून जायची कधीतरी.
सातबाऱ्यावर तिची नोंद नाही.

"अजून चार फूट जा मॅडम, खडक लागेल,"
झांबरे म्हणाले, "पुणं आहे हे."
"पुणं वर आहे," मी म्हटलं. "खाली अजून नदीच आहे."

फेब्रुवारीत मशीन आलं.
क्रेनला टांगलेला लांब लोखंडी दांडा,
टोकाला नुसती थरथर.
वाळू घट्ट करायची तर आधी हादरवायची,
कॉलेजात हे दोन मार्कांना होतं.
हादरली की कण कणाचा हात सोडतो,
क्षणभर सगळ्याचं पाणी होतं,
मग जो तो चाचपडत खाली बसतो
आधीपेक्षा दाटीने.
उरलेल्या भोकात खडी.
घाल, दाब, दांडा वर घे, घाल.
दोन-दोन मीटरवर
तीनशे बारा खांब, कुणालाच न दिसणारे.
ब्रोशरमध्ये पोहण्याचा तलाव आहे.

तिसऱ्या आठवड्यात जमीन हातभर खचली.
झांबरे काठावर, कमरेवर हात.
"मी विकत घेतलेली जागा गेली कुठे?"
"इथेच आहे. मधली पोकळी गेली."
ते हसले नाहीत.
भरावाच्या मुरमाचं बिल
त्यांनी माझ्यासमोर दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने.

जेवताना यल्लप्पाला सहज विचारलं,
तुझ्या घराचा पाया किती खोल?
भाकरीचा तुकडा हातातच राहिला त्याच्या.
"पाया कशाला? तळजाईच्या उतारावर
काळा दगड उघडाच हाय.
पहार मारली की ठिणगी.
चार खांब रोवायला बापाला आठ दिस लागले.
चाळीस वर्सं झाली, तसूभर हललं न्हाई.
निस्ता कागद न्हाई."

झांबऱ्यांच्या फायलीत एकोणीस शिक्के होते.
मी सकाळीच मोजले होते, दुसरं काम नव्हतं म्हणून.

एप्रिलात पुन्हा बोअर, खांबांच्या मधोमध.
तीन मीटरला एकवीस.
साडेचारला चोवीस.
आकड्याआधी आवाज बदलला होता,
ओल्या गोणीवरचा धप्प जाऊन
दाराच्या कडीसारखा.
"बसली," यल्लप्पा म्हणाला,
मी लिहायच्या आत.
सहाला, जिथे ती झोपेत सुटली होती,
सव्वीस.
मग नऊ, मग साडेदहा, दोघांचेही शर्ट पाठीला चिकटलेले,
आणि साडेअकराला
पन्नास.
नळी हलली नाही.

मी रकान्यात शब्द लिहिला.
यल्लप्पाने दोर सोडला, तळहात पँटला पुसले.
"उद्या येत न्हाई मॅडम."
का रे?
"वस्तीवर मोजणीवाले येनार हायती.
टेपचं दुसरं टोक धरायला
घरचं कोनीतरी लागतं म्हनं."

चहा मीच सांगितला.