नऊ प्रश्न

हा कागद मी रोज लोकांपुढे सरकवते.
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा, वगैरे.
चार रकाने: कधीच नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.
गोदीवरचे बेकार खलाशी, ओल्या बाळंतिणी,
एकदा एक मुख्याध्यापक, टाय सैल करून रडलेला.
मी बेरीज करते. दहा झाले
की आवाज आपोआप मऊ होतो माझा.

आज खुर्ची बदलली आहे.
ग्रिम्सबीहून लिंकनला आले गाडी हाकत,
ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.
अपॉइंटमेंट ग्लेनिसनं घेतली, आमच्या रिसेप्शनवरच्या.
तिनं माझे न प्यायलेले चहा मोजले होते.
एकाहत्तर, म्हणाली, ईस्टरपासून.

भिंतीवर आमच्याकडचंच पोस्टर:
'स्वतःची काळजी घ्या',
आणि योगासनातली एक बाई,
जिच्या मागे कुणी रांगेत नाही.

पेन सराईत चालतं.
झोप? काही दिवस. भूक? काही दिवस.
शेवटच्या प्रश्नाला शून्य,
तिथे न वाचताच शून्य लिहितात सगळे.
बेरीज नऊ.
काटा मारला मी, इतक्या सफाईनं
की वाण्यानं बघत राहावं.

डॉक्टर न्वोसू कागद बघत नाहीत.
हात बघतात माझे, धुऊन धुऊन भेगाळलेले.
"मीही नऊच लिहिले होते," म्हणतात.
"पुन्हा भरा. घरच्या भाषेत."

मराठीत छापलेला नाही. गुजराती आहे, पंजाबी आहे.
मनातल्या मनात उतरवत जाते:
थकवा नव्हे, अंगात त्राण नसणं.
रस नव्हे, जीव न लागणं कशातच.
दर रविवारी आई फोनवर विचारते,
दुखणं अंगावर काढत नाहीस ना गं?
आणि मी हसते, डॉक्टर मुलगी.

अंगावर काढणं.
बारा वर्षं इंग्रजीत शब्द शोधतेय याला,
पेशंटांना सांगायला.
जुन्या स्वेटरसारखं असतं ते,
ऊब कधीच गेलेली,
काढून ठेवायचं मात्र सुचत नाही.

तिसऱ्या प्रश्नावर पेन अडतं.
दहा मिनिटं केव्हाच संपलीत.
बाहेर कुणीतरी खोकतंय,
ओला खोकला, खोलवरून येणारा,
बहुधा उजव्या फुप्फुसाच्या तळातून.

मी उठत नाही.