वजा की अधिक

वाजिदभाईनं काउंटरवर दोन डिस्का ठेवल्या,
एक जांभळट, एक निळसर.
"ये मायनस, ये प्लस. बोलो."
मी दहावीला गणितात छत्तीस घेतलेला माणूस,
उदगीरला नळेगाव रोडवर उभा राहून
वजा अन् अधिकमध्ये कुणाचं चालतंय
ते विचारत होतो.

"मायनस पुराने प्लेअर में बी चलतीच," तो म्हणाला,
"प्लस में गलत्यां कम होते बोलते.
मैं तो दोनों बी बेचतूं."
खाली काचेच्या आत तिसरी होती:
पुसून पुन्हा लिहिता येणारी, पासष्ट रुपये.
मी बोट दाखवलं तर त्यानंच ती मागं सरकवली.
"शादी का है ना? शादी कौन मिटाता?"

मायनस घेतल्या. पंधराला एक, अशा दहा.
मावशीचा प्लेअर जुना,
मामाचा चिनी, चापट मारल्याशिवाय उघडत नाही,
नांदेडच्या आत्याचा कुठला ते फोनवर कळेना,
ती नुसतं म्हणायली, "त्याला लाल दिवा हाय बघ."

मे महिना. दिवसाचे अकरा तास लाईट नाही.
रात्री दोनला यायची, पाचला जायची,
तेवढ्यात शिवकांताचं लग्न जाळायचं.
बर्न करण्याला आम्ही जाळणंच म्हणायचो.
आई अंथरुणातून म्हणायची, "शुभ बोल रे जरा."

सोळाच्या स्पीडनं केली, फसली.
आठनं केली, तर अक्षतांपाशी चित्राचे चौकोन झाले,
नवरदेवाचा चेहरा थोडा बाजूला सरकला
अन् तिथंच राहिला.
चारनं लावली, श्वास धरून बसलो.
ऐंशी टक्के. चौऱ्याऐंशी.
सत्त्याऐंशीला सगळी गल्ली अंधारात गेली,
ड्राइव्ह मात्र अजून थोडा वेळ
आपल्याच जोरात फिरत होता.

शेवटी सहा झाल्या, चार वाया.
वायातल्या दोन इस्माईलनं रिक्षाच्या मागं लावल्या;
रात्री मागून हेडलाईट पडला
की माझ्या बहिणीचं अर्धं लग्न चमकायचं,
अन् मागच्या ट्रकवाल्याला पत्ता नसायचा.

शिवकांताच्या डिस्कवर मी स्वतः मार्करनं लिहिलं.
अक्षर चांगलं काढलं.

तिसऱ्या वर्षी, कुठलाच सण नसताना, ती आली.
एक सूटकेस. शिलाई मशीन टेम्पोत वेगळं.
कुणी काही विचारलं नाही. आईनं पिठलं टाकलं.
जेवणं झाल्यावर तिनं पिशवीतून डिस्क काढून
माझ्यापुढं ठेवली.
"हे पुसता येतंय का?
क्लासच्या डिझाइनी टाकायच्यात."
म्हणलं, "नाही येत. ही वजावाली. एकदाच लिहायची."
"दुसरी मिळत नव्हती का?"
"मिळत होती."
"केवढ्याला?"
"पासष्ट."
ती हसली, त्या दिवसात पहिल्यांदाच.
"पन्नास रुपये वाचवलास की रे."

परवा लोखंडी कपाट झाडताना ती हाताला लागली.
पत्र्याखालच्या खोलीतले पंधरा उन्हाळे तिनं काढले,
माझ्यापेक्षा नीट काढले असं वाटलं.
पुतण्याचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, लावली.
बराच वेळ घरघरली, गरम झाली,
मग स्क्रीनवर आलं: डिस्क कोरी आहे.
काढून पुन्हा लावली. फडक्यानं पुसून लावली.
कोरी.
वरचं मार्करचं अक्षर तेवढं शाबूत.

शिवकांताला फोन लावला.
तिच्या मागं मशिनी चालू होत्या, वीस तरी असतील.
म्हणलं, "अगं, पुसली. आपोआप."
"काय पुसलं?" ती म्हणाली.
"मोठ्यानं बोल."