हातचा

मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी.
तिथं उभी राहून फॉर्म भरतेय :
जिल्हा परिषद शाळा, माळवस्ती, विट्याच्या अलीकडं.
पट एकतीस. शिक्षक दोन,
त्यातले एक सध्या मतदारयादीच्या कामावर.

मुलगे सतरा, मुली चौदा.
पुढं प्रवर्गांचे रकाने, खेटून बसलेले.
एक पोर चुकून दोनदा भरलं तर बेरीज लाल होते,
सगळं जुळलं की हिरवी खूण येते
आणि मला उगीचच बरं वाटतं.

मातृभाषा : इतर, एक.
ती इतर म्हणजे अंजली राजभर.
बाप यंत्रमागावर, बारा तासांची पाळी.
एकोणपन्नासला ती उनचास म्हणते.
प्रश्न तोंडी होता. चूक.
पन्नासाला एक कमी पडतोय, हे
एकोणपन्नास म्हणणाऱ्यांतल्या किती जणांना कळलंय,
असा रकाना नाही.

देवयानी साळुंखे परवाच सेलमहून आली,
वडलांचं गलाईचं दुकान आहे तिकडं.
दशांश चिन्ह तिला शिकवावं लागलं नाही.
"बाई, तिसऱ्या आकड्यावरनं तर भांडणं होतात," म्हणाली.
गणितात अ श्रेणी.
मराठीच्या वहीत मात्र ख नाही, घ नाही, सगळा क.
'कर' लिहिते
आणि घर वाचते.

आणि बिरदेव मेटकरी, चौथी.
उताऱ्यात दुसऱ्या ओळीला अडखळतो.
हातच्याची वजाबाकी आली की पेन्सिल चावतो,
शेजारच्या घरातनं दहा मागून आणायचे म्हटलं
की माझ्याकडं बघत राहतो,
जसं काही मीच त्याला उसनवारीला धाडतेय.
त्याच्या आणि त्याच्या दोन चुलतबहिणींच्या नावापुढं
अप्रगत.
कारण निवडा :
अनियमित उपस्थिती. पालकांची उदासीनता. इतर.
मी इतर निवडलं. तपशील द्या, म्हणाला फॉर्म.
पन्नास अक्षरांत.

दिवाळी झाली, मेंढरं कोकणाच्या वाटेला लागली,
मागोमाग घोडं, कोंबड्या, आजी, तिघं पोरं.
दप्तर शाळेतच ठेवून गेला,
"भिजंल तिकडं."

दुसरी चाचणी झाली. हजर तेवढेच धरायचे होते.
एकतीसात एकोणीस म्हणजे एकसष्ट टक्के.
अठ्ठावीसात एकोणीस म्हणजे जवळपास अडुसष्ट.
एकाही पोराला एक अक्षर जास्त आलं नव्हतं.
केंद्रप्रमुखांचा फोन :
"बाई, सात टक्के वर! काय उपक्रम घेतलात?"
"तीन मुलं गेली, साहेब."
"ते असू द्या हो. उपक्रमाचं नाव सांगा,
परिषदेत मांडायचंय."

नाव काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.
साहेबांनी छान म्हटलं, एवढंच.

मग एका रात्री अनोळखी नंबर,
मागं कुत्री, वारा, कुणीतरी खोकतंय.
"बाई, मी बिरू. आमी कुंभार्ली उतरलो."
जेवलास का विचारलं. हो म्हणाला.
मेंढरं किती आता?
"एकशे त्रेचाळीस व्हती. सा इकली.
एकशे सदतीस."

तिनातनं सहा जात नाहीत, बिरू.
माझ्या तोंडून निघूनच गेलं, सवयीनं.
हातचा कुणाकडनं आणलास?

थोडा वेळ नुसता वारा.
"आणला न्हाई बाई. इकल्यावर उरल्याली मोजली."

टाकीवरनं खाली आले.
वर्गात त्याचं दप्तर खुंटीला आहे,
उंदरांनी पट्टा कुरतडलाय.
फॉर्म उघडून पाहिला :
मुदत संपली आहे. माहिती लॉक केली आहे.
हिरवी खूण तशीच.

सकाळी हजेरी घेताना
मेटकरी बिरदेव म्हणाले नेहमीसारखी.
"गेलाय, बाई," पोरं ओरडली, नेहमीसारखीच.
अंजली तेवढी बोटांवर काहीतरी मोजत होती.
विचारलं तर म्हणाली,
"होळीला किती दिवस?"