डबल बेल

एकतीस वर्षं तळहात हॉर्नवर ठेवून काढली.
चोपडा डेपो. पावणेसहाची, फैजपूर मार्गे रावेर.
केळीच्या ट्रकांमागे, कापसाच्या गाड्यांमागे,
कुणाच्या वरातीमागे.
बायको सांगते, झोपेतही
उशीवर थापट्या मारायचो: बाजूला व्हा.

नामदार तडवी माझा कंडक्टर. बावीस वर्षं.
त्याचा चेहरा मला ठाऊक होता तो आरशातला,
माणसांच्या डोक्यांवरून तरंगत येणारा.
बाकी तो म्हणजे दोरी आणि घंटी.
एक वाजली की थांबायचं,
दोन वाजल्या की निघायचं.
एवढ्या भाषेत आमचं सगळं बोलणं झालं.

आता दोघंही घरी. दोन सायकली.
त्याची, नातीने टाकून दिलेली, गुलाबी मडगार्डची.
माझी, हिलाल मिस्तरीकडून तेराशेला घेतलेली,
जिची चेन चढावर पडत नाही, उतारावर पडते.
हायवे सोडला आणि पाटाच्या कडेची वाट धरली.

इथे कोणी नाही.
मुरूम, बाभळीचे काटे,
पाटकऱ्याच्या टायरची एक वाळलेली रेघ.
पाण्याला उतार इतका थोडा
की ते चाललंय की नाही
हे एखाद्या काडीला विचारावं लागतं.
उजवीकडे केळीच्या बागा.
यांच्या शेजारून मी हजारदा गेलो
आणि समजत होतो, केळीला आवाज नसतो.
असतो. दोरीवर वाळणाऱ्या
फाटक्या धोतरासारखा.

पहिल्या दिवशी मी सवयीने पुढे, तो सवयीने मागे.
यावलच्या अलीकडे कुठेतरी लक्षात आलं
की मला आरसा नाही.
मान वळवली असती तर पाटातच गेलो असतो.
पाय टेकला. म्हटलं, ये की शेजारी,
समोरून कोण येतंय?
कोणीच येत नव्हतं.
तो माझ्या उजव्या हाताला आला.
गालावरचा तीळ, जो मी उजवा समजत होतो,
डावा निघाला.

मग सात-आठ किलोमीटर काही बोललो नाही.
त्याचं पेडल दर फेरीला कुरकुरतं,
माझं एकाआड एक.
सुचत नव्हतं असं नाही.
ओरडायचं नसेल तर
माणूस नेमका कुठल्या आवाजात बोलतो,
तेच आठवेना.

पाटकरी भेटला, गेटचं चाक फिरवत.
'कुठी चालले भो?'
नामदारचा हात आपोआप काखेतल्या पिशवीत गेला
तिकीट फाडायला. आत कळण्याची भाकरी होती.
'कुठीच नाही,' तो म्हणाला.
पाटकऱ्याला ते पटलं नाही.
त्याने पुढचं गाव सुचवून पाहिलं,
एक देवी सुचवली,
एक परवाच मेलेला माणूस सुचवला.
आम्ही सगळ्याला नाही म्हणालो.
शेवटी त्याने मूठभर बोरं दिली,
वाट चुकलेल्याला देतात तशी.

पाट हायवेला छेदतो तिथे उतरलो,
सायकली हातात धरून उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं.
एक एसटी आली, कोवळा ड्रायव्हर,
तळहात हॉर्नवर.
त्या तळहाताला मी ओळखलं.
त्याने मला ओळखायचं काही कारण नव्हतं.
'तिसऱ्यावर ओढून राह्यला,' नामदार म्हणाला,
'गिअरबॉक्स जाईन त्याचा.'
हे मी म्हणायला हवं होतं.

पलीकडे वाट पुन्हा सुरू. धूळ खाली बसली,
कानातला हॉर्न जरा उशिरा.
मागून नातीची घंटी वाजली. दोनदा.
मी निघालो.

मग बागेच्या वळणावर, एकदाच.
ब्रेक दाबला. न वळता विचारलं,
कोण उतरतंय?
उत्तर नाही.
पाटाच्या लोखंडी दांड्यावर
एक खंड्या बसला होता, ओला.
तो पाण्याकडे बघत होता, नामदार त्याच्याकडे.
मीही सायकल आडवी केली, बोरं काढली.

दोन घंट्या द्यायच्या तो विसरला.
मी आठवण करून दिली नाही.