टोपीतल्या चिठ्ठ्या

पुंता अरेनासमध्ये वारा असा, की चौकाचौकात दोर बांधलेले;
माणसं दोराला धरून रस्ता ओलांडतात.
पहिल्या शनिवारी, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात
आम्हीही तसेच बसलेलो,
आठ जण, आपापल्या खुर्चीची कड धरून.

दामारिसनं पाणी तापवलं. तिला शांतता सोसत नाही.
म्हणाली, प्रत्येकानं एक प्रश्न लिहा, नाव नको,
चिठ्ठी ल्युबित्साच्या लोकरी टोपीत टाका.
कडू पाला भरलेला छोटा भोपळा, त्यात एकच नळी,
हातोहात फिरेल;
ज्याच्याकडे येईल त्यानं चिठ्ठी काढायची
आणि नळी तळाशी खुरखुरेपर्यंत
उत्तर द्यायचं.
खोटं बोललो तर?
तर बोललात. मी काय पोलीस आहे?

मी लिहिलं : आवडतं सूप कोणतं?
इतका भित्रा प्रश्न त्या टोपीत दुसरा नव्हता.
तो गेला एलिसेओला, सामुद्रधुनीपलीकडच्या पोर्वेनीरचा,
तीन दिवसांत ज्याच्या तोंडून आम्ही फक्त
"दार लावा" एवढंच ऐकलं होतं.
त्यानं एक घोट घेतला. मग सांगतच सुटला :
मेंढीच्या मानेचं सूप, त्यात बार्ली,
लोकर कातरायच्या दिवसांत
वडील चाळीस माणसांना पुरेल एवढं रटरटत ठेवायचे,
आता वडिलांना मिठाची चव कळत नाही,
घरात सगळे खारट जेवतात
आणि वाडगं पुसून घेतात.
नळी केव्हाची कोरडी वाजत होती.
थांबवलं नाही कुणी.

ल्युबित्साला आलं : शेवटचं कधी रडलीस?
"आज. कांदा." सगळे हसले.
तीही हसली, आमच्यापेक्षा जरा जास्त वेळ.
नेहेमियासला : काय चोरलंयस?
शाळेतला नकाशा.
त्यात त्याचं गाव नव्हतं. घरी नेऊन त्यानं एक टिंब काढलं,
मग परत टांगायची छाती झाली नाही.

आणि भोपळा माझ्या हातात, गरम, ओलसर.
चिठ्ठीवर तिरप्या अक्षरात :
पोहता येतं का?

वर्ग मत्स्यशेतीचा. मी केयोनची,
आजोबा कोळी, बाप कोळी, भाऊ शिंपल्यांच्या तराफ्यांवर.
तिघांनाही पोहता येत नाही.
आजोबा म्हणायचे, असल्या गार पाण्यात
पोहणारा फक्त जास्त वेळ मरतो.
हे सांगता आलं असतं. गोष्ट म्हणून शोभलं असतं.
मी म्हटलं, "हो! म्हणजे काय!"
आणि इतक्या जोरानं ओढलं, की जीभ पोळली.
दामारिसनं भोपळा घेतला,
पाणी ओतलं, पुढे दिला.

पाचव्या आठवड्यात तरणतलाव. सक्तीचा.
रांगेत मी शेवटची. बुटाची नाडी सोडली, बांधली,
पुन्हा सोडली, तरी शेवटचीच.
भ्रमाचा भोपळा फुटायला समुद्र लागत नाही,
क्लोरीनच्या वासाचं कमरेइतकं पाणी पुरतं.

उथळ टोकाला आधीच एक जण उभा होता,
ओठ निळे, हात घट्ट आवळलेले. एलिसेओ.
"ती चिठ्ठी माझी," तो म्हणाला.
"वाटलं, कुणीतरी नाही म्हणेल. मग मलाही म्हणता येईल.
तू हो म्हणालीस."
पलीकडे ल्युबित्सा माशासारखी सुळकन गेली, आली, पुन्हा गेली.
माझ्याकडे तोंडात एक सॉरी होतं,
पोळलेल्या जिभेवर अजून नीट न बसणारं.

"दोर धर," तो म्हणाला.
पाण्यातही दोर असतो, लाल-पांढऱ्या मण्यांचा.
धरला.
"मीठ किती घालता रे?"
"कशात?"
"सुपात."
तो हसायला गेला
आणि अर्धा तलाव त्याच्या नाकात.